काळी तार बारीक का? अभ्यासिकेच्या वायरिंगबद्दल मदत हवी

मांजराकाठ, लातूर
११ मे, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. लातूरला क्लासेसच्या भागात आमची अभ्यासिका आहे. पहिल्या मजल्यावर पोरांना बसायला चौऱ्याऐंशी टेबलं आणि दुसऱ्या मजल्यावर ऑनलाइन टेस्टसाठी चाळीस कॉम्प्युटर. मीटर थ्री फेज. मीटरपासून दुसऱ्या मजल्याच्या डीबीपर्यंत, म्हणजे वीज वाटून देणाऱ्या पेटीपर्यंत, फेजच्या तिन्ही तारा तांब्याच्या, सहा एमएमच्या (म्हणजे सहा चौरस मिमीच्या). न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी काळी तार, मात्र अडीचची. चारही तारा भिंतीतल्या एकाच पाइपातून. खाली ३२ अँपिअरचा टीपीएन एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा, तीन फेज आणि न्यूट्रलचा स्विच.

मागच्या आठवड्यात टेस्ट चालू असताना वर जळका वास आला. एमसीबी पडला नव्हता, सगळे कॉम्प्युटर चालू होते. डीबी उघडली तर न्यूट्रल लिंकपाशी (सगळे न्यूट्रल जोडायच्या पट्टीपाशी) काळ्या तारेचं इन्सुलेशन बोटभर वितळलेलं. फेजच्या तारा जशाच्या तशा.

ज्यांनी वायरिंग केलं होतं त्या काकांना बोलावलं. ते म्हणाले, "थ्री फेजमध्ये न्यूट्रलला करंट नसतोच मालक, लोड बॅलन्स आहे. टोक ढिलं झालं असेल." टोक कापलं, पुन्हा आवळून दिलं, गेले.

माझं समाधान झालं नाही. ओळखीचा एक आयटीआयचा पोरगा टाँग टेस्टर, म्हणजे तारेभोवती धरून करंट मोजायचा मीटर, घेऊन आला. एसी बंद असताना, फक्त कॉम्प्युटर आणि लाइटवर आर फेज १९ अँपिअर, वाय १७, बी १८. आणि न्यूट्रल २२. आम्हाला वाटलं मीटर बिघडलं. दुसऱ्याचं आणलं, तरी २२च.

लोड बॅलन्स असेल तर न्यूट्रल शून्याजवळ हवा ना? तिन्ही फेजपेक्षा न्यूट्रल जास्त, हे कसं होतं? वर चाळीस लेकरं बसतात. मला रात्री झोप लागेना.

दुधनाकाठ, जालना
११ मे, रात्री १०.०५

मालक, कारण नंतर बघू. आधी एक करा. उद्या त्या मजल्यावर टेस्ट घेऊ नका, ती डीबी खालून बंद ठेवा. जिथं एकदा इन्सुलेशन वितळलं तिथून मागं पाइपात तार किती भाजली हे टोक कापून कळत नसतं. तुम्हाला दिसलेलं ते एक बोट, भिंतीतलं कोणी पाहिलं?

आणि एमसीबी पडला नाही याचा अर्थ सगळं ठीक आहे असा अजिबात घेऊ नका. तुमचा टीपीएन तीन फेजचा करंट बघतो. न्यूट्रल त्याच्यातून नुसता जातो, त्याच्यावर पहारा नाही. फेजला १९ अँपिअर असताना ३२ चा एमसीबी का पडेल? तो शांतच बसणार आणि काळी तार जळत राहणार.

मी पस्तीस वर्षं तार ओढतोय. आमच्या उमेदीच्या काळात फेजला सात-वीस आणि न्यूट्रलला तीन-वीस टाकायची पद्धतच होती. सात-वीस म्हणजे आजच्या हिशोबानं साडेचार एमएमच्या आसपास, तीन-वीस दोनच्या जवळ. मीही तसं केलंय, आणि तशी घरं आठवली की अजून जीव खाली-वर होतो. तेव्हा घरात बल्ब, पंखा आणि एखादी इस्त्री असायची, म्हणून निभावलं.

गोदाकाठ, नांदेड
११ मे, रात्री ११.२०

मी तंत्रनिकेतनात हा विषय शिकवतो. सविस्तर लिहितो, कारण "न्यूट्रलला करंट नसतो" हे वाक्य मराठवाड्यात प्रत्येक तालुक्याला ऐकू येतं आणि त्यातला अर्धाच भाग खरा आहे.

आधी सिंगल फेज. घरात एक फेज, एक न्यूट्रल. फेजमधून जितका करंट गेला तितकाच न्यूट्रलमधून परत येतो, एक अँपिअरही कमी नाही. त्यामुळे सिंगल फेज सर्किटमध्ये काळी तार लाल तारेइतकीच जाड हवी. इथे वादाला जागाच नाही. गीझरला फेज अडीचची आणि न्यूट्रल दीडची टाकली असेल तर ते सर्किट दीडच्या तारेचं आहे असंच समजायचं आणि एमसीबीही तसाच लहान हवा.

आता थ्री फेज. तीन फेजचे करंट एकमेकांपासून १२० अंशांनी सरकलेले असतात. तिन्ही सारखे असले तर न्यूट्रलमध्ये त्यांची बेरीज शून्य होते. काका म्हणतात तो अर्धा खरा भाग हाच. सारखे नसले की उरलेला करंट न्यूट्रलमधून जातो. समजा आरवर ३० अँपिअर, वायवर २०, बीवर १०. तिघांचे वर्ग मिळवा: ९००, ४००, १०० म्हणजे १४००. त्यातून जोडीजोडीचे गुणाकार वजा करा: ६००, २०० आणि ३००, एकूण ११००. उरले ३००, त्याचं वर्गमूळ साधारण १७. म्हणजे न्यूट्रलमध्ये १७ अँपिअर. एक फेज गेली आणि दोनवर तीस-तीस राहिले तर न्यूट्रलमध्ये पूर्ण ३०. एकाच फेजवर लोड राहिलं तरी तेवढाच. आपल्याकडे एखादी फेज जाणं ही काही वर्षातून एकदा होणारी गोष्ट नाही, तेव्हा न्यूट्रलचा हिशोब बॅलन्स गृहीत धरून करणं आपल्याला परवडणारंच नाही.

पण मांजराकाठ, तुमचं कोडं यानं सुटत नाही. तुमचे आकडे घालून पाहा: १९, १७, १८ ला न्यूट्रल जेमतेम पावणेदोन अँपिअर यायला हवा. आलाय २२. बाकी जवळपास सगळा तिसऱ्या हार्मोनिकचा, म्हणजे मूळ लाटेच्या तिप्पट वेगानं हलणाऱ्या करंटचा.

गीझर किंवा इस्त्री करंट घेते तो व्होल्टेजच्या लाटेसारखाच, गुळगुळीत. कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय, स्वस्त एलईडीचा ड्रायव्हर, मोबाइल-लॅपटॉपचा चार्जर यांचं तसं नाही. आत डायोड आणि कपॅसिटर असतो. लाट शिखरावर आली की तेवढ्यापुरता करंटचा झटका घेतात आणि उरलेला वेळ गप्प बसतात. या झटक्यांत ५० हर्ट्झच्या मूळ करंटबरोबर १५० हर्ट्झचा करंट मिसळलेला असतो. फेज १२० अंशांनी सरकल्या म्हणजे १५० हर्ट्झच्या लाटेच्या दृष्टीनं त्या तिप्पट, म्हणजे पूर्ण ३६० अंशांनी सरकल्या. एक अख्खी फेरी! म्हणून तिन्ही फेजमधला हा तिसरा हार्मोनिक एकाच वेळी वर जातो, एकाच वेळी खाली येतो. न्यूट्रलमध्ये तो एकमेकाला खोडत नाही, तिघांची बेरीज होते. तुमच्याकडे दर फेजला सरासरी १८ अँपिअर, त्यात तिसऱ्याचं प्रमाण साधारण ४० टक्के धरलं तर सव्वासात अँपिअर. गुणिले तीन, २१.६. तुमचा मीटर बरोबर आहे. काकांचा समज चुकला.

हे सगळं अगदी टोकाला गेलं, म्हणजे तिन्ही फेजचे झटके एकमेकांवर जराही न चढता आले, तर न्यूट्रलचा करंट फेजच्या १.७३ पट होऊ शकतो. आणि तारेचा छेद (चौरस मिमी) अर्धा असेल तर? उष्णता करंटच्या वर्गावर जाते. १.७३ चा वर्ग तीन, अर्ध्या छेदामुळे रोध दुप्पट, म्हणजे फेजच्या तारेपेक्षा सहापट उष्णता काळ्या तारेत.

तेरणाकाठ, धाराशिव
१२ मे, सकाळी ७.१५

सर, एका इंग्रजी व्हिडिओत स्पष्ट सांगितलंय की नॅशनल इलेक्ट्रिकल कोडप्रमाणे न्यूट्रल सत्तर टक्के धरला तरी चालतो. कलम नंबरही दिला होता, २२०.६१. मग काकांचं एकदम चूक कसं म्हणायचं?

गोदाकाठ, नांदेड
१२ मे, सकाळी ८.००

बरं झालं विचारलंत, माझे विद्यार्थीही इथेच अडकतात. नॅशनल इलेक्ट्रिकल कोड या नावाचे दोन वेगळे ग्रंथ आहेत. एक भारतीय मानक ब्युरोचा, एसपी ३०. दुसरा अमेरिकेचा. तुमचा व्हिडिओ अमेरिकेचा. तिथल्या घरात १२० व्होल्टच्या दोन उलट बाजू येतात आणि मधला बिंदू न्यूट्रल असतो. मोठी शेगडी, कपडे वाळवायचं यंत्र ही बहुतेक २४० वर, दोन बाजूंच्या मध्ये चालतात, न्यूट्रलकडे त्यांचा थोडाच करंट येतो. म्हणून अशा यंत्रांसाठी ७० टक्क्यांची सवलत आहे. शिवाय असंतुलित लोड २०० अँपिअरच्या वर गेलं तर वरच्या तेवढ्या भागाला. आपल्या घरात एक फेज आणि न्यूट्रल, तिथे ही सवलत लावायची म्हणजे लाल तारेइतका करंट सत्तर टक्क्यांच्या काळ्या तारेतून काढायचा.

आणि त्याच कलमात पुढे लिहिलंय की थ्री फेज चार तारांच्या पुरवठ्यावर जेवढं लोड कॉम्प्युटरसारखं, लाट बिघडवणारं असेल, तेवढ्या भागाला कपात करायची नाही. व्हिडिओत ते वाचून दाखवलं होतं का? मांजराकाठांची अभ्यासिका अमेरिकेत असती तरी ही अडीचची तार नापासच झाली असती.

आपल्याकडे वायरिंगची संहिता म्हणजे आयएस ७३२. तिची २०१९ ची आवृत्ती आयईसी ६०३६४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या चौकटीत बसवलेली आहे. त्या चौकटीत सरळ लिहिलंय: सिंगल फेजला न्यूट्रल फेजइतकाच. थ्री फेजला फेजची तार तांब्याची १६ चौरस मिमी किंवा ॲल्युमिनियमची २५ चौरस मिमीपर्यंत असेल तर तिथेही न्यूट्रल फेजइतकाच. त्याहून जाड तारांनाच न्यूट्रल कमी करायची मुभा, तीही अटींवर. लोड नेहमीच्या वापरात बॅलन्स हवं, तिसरा आणि त्याच्या पटीतले हार्मोनिक फेज करंटच्या १५ टक्क्यांच्या आत हवेत, न्यूट्रलला जास्त करंटपासून संरक्षण हवं, आणि कमी केलेला न्यूट्रलसुद्धा तांब्याच्या १६ किंवा ॲल्युमिनियमच्या २५ च्या खाली जाता कामा नये. सहाच्या तारेला अडीचचा न्यूट्रल कुठल्याच ओळीत बसत नाही.

पूर्णाकाठ, परभणी
१२ मे, सकाळी ९.३०

मग सर, आमची साडेतीन कोअर केबल? जिनिंगला खांबापासून पॅनेलपर्यंत साडेतीन कोअर ९५ ची ॲल्युमिनियम आर्मर्ड टाकलीय. तिचा न्यूट्रल ५० चा. कारखान्यातून तशीच येते. ती पण चूक?

गोदाकाठ, नांदेड
१२ मे, सकाळी ९.५५

नाही, तुमच्या ठिकाणी ती योग्य. साडेतीनमधलं 'अर्ध' तेच, कमी केलेला न्यूट्रल. २५ आणि ३५ च्या केबलला १६ चा, ५० ला २५ चा, ७० ला ३५ चा, ९५ ला ५० चा. जिनिंगचं लोड म्हणजे थ्री फेज मोटारी, त्यांना न्यूट्रल लागतच नाही. त्यांच्या ड्राइव्हमधून हार्मोनिक येतात, पण ते प्रामुख्यानं पाचवे आणि सातवे, न्यूट्रलमध्ये साचणारे तिसरे नव्हेत. तुमच्या न्यूट्रलवर ऑफिस, काटा, क्वार्टर्स एवढंच येतं.

तीच केबल अभ्यासिकेला, हॉस्टेलला, बँकेला, कॉम्प्युटर लॅबला टाकली की गणित बदलतं. तिथे चार कोअर घ्या. आणि ॲल्युमिनियमच्या साडेतीन कोअर २५ किंवा ३५ मध्ये न्यूट्रल १६ चाच असतो, तो वरच्या अटीत बसतच नाही, हे दुकानदार सांगत नाहीत. आपण विचारायचं.

दुधनाकाठ, जालना
१२ मे, दुपारी १.१०

केबल निघालीच आहे म्हणून. ॲल्युमिनियमच्या केबलला तांब्याच्या बसबारवर नुसतं लग दाबून लावू नका, बायमेटल लग (एक बाजू ॲल्युमिनियमची, एक तांब्याची) घ्या. ॲल्युमिनियम दाबाखाली हळूहळू सरकतं, जोड ढिला पडतो, तापतो, आणखी ढिला पडतो. फेजचा जोड जळला तर एक फेज जाते, लोक आरडाओरडा करतात, वायरमन येतो. न्यूट्रलचा जोड सुटला तर घरंच्या घरं जळतात.

बारा-तेरा वर्षांपूर्वी एका कॉलनीत रात्री दोन वाजता फोन आला होता. खांबावरचा न्यूट्रल सुटला होता. चार घरांचे टीव्ही, फ्रीज, दोन इन्व्हर्टर गेले. एका घरात टीव्हीच्या मागचा पडदा पेटला. लोक म्हणत होते, व्होल्टेज वाढलं. कसं वाढलं? न्यूट्रल तुटला की दोन फेजवरची दोन घरं एकामागे एक जोडली जातात, आणि दोघांच्या टोकाला ४१५ व्होल्ट. एका घरी २००० वॅटचा गीझर चालू, दुसऱ्या घरी २०० वॅटचं किरकोळ सामान. ज्याचं लोड कमी त्याचा रोध जास्त, म्हणून व्होल्टेज त्याच्याच अंगावर. वहीत मांडून बघा, छोट्या लोडच्या घराला ३७७ व्होल्ट जातात आणि गीझरवाल्याला ३८. बिचाऱ्यानं फक्त एक टीव्ही लावलेला असतो, आणि जळतं त्याचंच.

म्हणून न्यूट्रलवर फ्यूज नको, न्यूट्रलवर एकेरी स्विच नको. जुन्या १९५६ च्या नियमांतही हे होतं, आताच्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांतही आहे. तोडायचाच असेल तर चारही पोल एकत्र तोडणारा स्विच हवा. अजून कित्येक जुन्या वाड्यांत चिनी मातीचे दोन कटआउट दिसतात, एक फेजला, एक न्यूट्रलला. न्यूट्रलचा फ्यूज उडाला की घर अंधारात, पण तारेत करंट जिवंत. माणूस बल्ब बदलायला हात घालतो. जिथं दिसेल तिथं तो दुसरा कटआउट काढून सरळ लिंक टाका.

कयाधूकाठ, हिंगोली
१२ मे, संध्याकाळी ६.४५

नमस्कार. मी वायरिंगमधली नाही, पण वाचून राहवलं नाही. आमच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, न्यूट्रल नाहीच. पंपाच्या तीन तारा विहिरीवर आल्यात. बाबांनी एक फेज घेतलीय आणि गोठ्याच्या कडेला लोखंडी सळई ठोकून तिला दुसरी तार बांधलीय. त्यावर दोन बल्ब, पंखा आणि आता कडबाकुट्टीची लहान मोटार चालते. उन्हाळ्यात बल्ब मंद होतो, मग बाबा सळईच्या बुडाशी बादलीभर पाणी ओततात, उजेड वाढतो. बैल त्या कोपऱ्याकडे जात नाही, ओढला तरी पाय रोवून उभा राहतो. आम्हाला वाटायचं बुजरा आहे.

दुधनाकाठ, जालना
१२ मे, संध्याकाळी ७.००

ताई, ती तार आज रात्री सोडवा. बाबांना सांगा, बैल बुजरा नाही, त्याला चार पायांत करंट लागतोय.

गोदाकाठ, नांदेड
१२ मे, रात्री ८.३०

कयाधूकाठ ताई, दुधनाकाठांचं ऐका, नंतर हे वाचा.

डीपीजवळ (ट्रान्सफॉर्मरजवळ) न्यूट्रल दोन स्वतंत्र ठिकाणी जमिनीत जोडलेला असतो. त्यामुळे सळईतून जमिनीत सोडलेला करंट मातीतून डीपीकडे परत जातो आणि बल्ब लागतो. पण माती म्हणजे तार नव्हे. सळईचा रोध समजा वीस ओहम आहे, कडबाकुट्टी पाच अँपिअर घेते. वीस गुणिले पाच, सळईवर १०० व्होल्ट. सळईपासून लांब जाल तसे ते कमी होतात, म्हणजे तिच्या आसपास दर पावलागणिक व्होल्टेज वेगळं. बैलाचे पुढचे आणि मागचे पाय दीड मीटर लांब असतात, आणि करंट पुढून मागे जाताना छातीतून जातो. माणसापेक्षा जनावर आधी मरतं ते म्हणून.

उन्हाळ्यात आपली काळी माती भेगाळते, सळईपासून सुटते, रोध वाढतो, बल्ब मंद होतो. पाणी ओतलं की रोध कमी होतो आणि ओतणारा ओल्या मातीत, सळईला हात लागेल इतका जवळ उभा असतो. बाबांनी हे इतके दिवस केलं आणि काही झालं नाही, हे नशीब.

पंपाच्या मोटारीला न्यूट्रल लागत नाही, म्हणून कित्येक विहिरींवर तीनच तारा नेलेल्या असतात. आखाड्यावर दिवाबत्तीसाठी रीतसर सिंगल फेज जोडणी मागा, तिच्यात फेजइतकाच न्यूट्रल येतो. ती मिळेपर्यंत सोलरचा छोटा संच आणि बॅटरी चालेल. सळई मात्र नको. आणि कोणी "मग आरसीसीबी (करंटची गळती दिसली की पडणारा स्विच) लावून घ्या" म्हणालं तर सांगा, तो या जुगाडाला सुरक्षित करत नाही. करंट आत गेला तेवढाच त्या तारेतून बाहेर सळईला चाललाय, आरसीसीबीला फरक दिसणारच नाही.

बिंदुसरा, बीड
१२ मे, रात्री ९.१०

मग घरात न्यूट्रल आणि अर्थिंग बोर्डातच जोडून टाकले तर? आमच्याकडे एकानं तसं केलंय, म्हणतो न्यूट्रल तुटला तरी अर्थिंगमधून चालेल.

दुधनाकाठ, जालना
१२ मे, रात्री ९.२५

अजिबात नाही. बाहेरचा न्यूट्रल तुटला की घरातलं सगळं लोड त्या अर्थिंगच्या खड्ड्यावर येतं, आणि फ्रीज, कूलर, वॉशिंग मशीन यांची बॉडी त्याच तारेला जोडलेली असते. मे महिन्यात पत्र्याच्या कूलरमध्ये पाणी भरायला घरातली बाई हात लावते तेव्हा काय होईल? दोन्ही तारा तुमच्या मीटरच्या पुढं वेगळ्याच राहिल्या पाहिजेत. त्यांना सांगून आजच वेगळ्या करायला लावा.

मांजराकाठ, लातूर
१३ मे, सकाळी ११.००

सगळं वाचलं, दोनदा वाचलं. दुसरा मजला बंद ठेवलाय. आता नेमकं किती एमएमची तार टाकू ते सांगा. काल दुपारी गोदाकाठ सरांनी व्यक्तिगत निरोपात सांगितल्याप्रमाणे खाली तात्पुरतं मोजण्यासाठी वीस मिनिटं एसीसकट सगळं चालू केलं, पोरं आत नव्हती. ट्रू आरएमएसचा मीटर (बिघडलेल्या लाटेचाही खरा करंट दाखवणारा) मागवला होता. दर फेजला २६ च्या आसपास, न्यूट्रल २४.

गोदाकाठ, नांदेड
१३ मे, दुपारी १२.३०

ट्रू आरएमएस मीटर आणलात हे फार चांगलं केलंत. साधा टाँग टेस्टर गुळगुळीत लाट गृहीत धरून आकडा दाखवतो, अशा झटक्यांच्या करंटला तो बऱ्याचदा कमी दाखवतो.

आता हिशोब. न्यूट्रल २४, म्हणजे दर फेजला तिसरा हार्मोनिक ८ अँपिअर. २६ मध्ये ८, साधारण ३१ टक्के. मानकात १५ ते ३३ टक्क्यांच्या टप्प्यात न्यूट्रल फेजइतकाच ठेवायचा, पण आता तीनऐवजी चार तारा तापतात म्हणून तारेची क्षमता ०.८६ नं गुणायची. प्रमाण ३३ च्या वर गेलं की तार फेजवरून नाही, न्यूट्रलच्या करंटवरून निवडायची. ४५ च्या वर गेलं की तो ०.८६ लागत नाही, कारण तेव्हा न्यूट्रलच एवढा मोठा होतो की फेजच्या तारा त्याच्या मानानं रिकाम्या राहतात. हा गुणक मुळात चार-पाच कोअरच्या केबलसाठी दिलेला आहे, पण तुमच्या चारही तारा एकाच पाइपात आहेत, तेव्हा तो धरणंच शहाणपणाचं.

दुसरी गोष्ट लातूरचा मे महिना. मानकाच्या तक्त्यातले आकडे ३० अंश तापमानाचे. तुमच्या स्लॅबखालच्या भिंतीत दुपारी ४५ धरा, पीव्हीसी तारेला ०.७९ चा गुणक. आता सहाची तार घ्या. पाइपात करंट वाहणाऱ्या तीन तारांसाठी तिची क्षमता ३६ अँपिअर. ३६ गुणिले ०.८६ गुणिले ०.७९, साडेचोवीस. तुम्हाला लागतात २६, आणि वर एमसीबी ३२ चा. म्हणजे मांजराकाठ, तुमच्या फेजच्या ताराही कमी पडतायत. वितळली ती काळी, कारण अडीचच्या तारेची क्षमता त्याच उन्हात, तो ०.८६ न लावताही, साडेसोळा आहे आणि तिच्यातून बावीस-चोवीस जात होते.

दहाची तार: ५० गुणिले ०.८६ गुणिले ०.७९, जवळपास ३४. एमसीबी ३२ चा. बसलं. चारही तारा दहाच्या तांब्याच्या घ्या, न्यूट्रलसकट. अर्थची वेगळी, पूर्ण. पहिल्या मोजणीत एसी बंद असताना तिसऱ्याचं प्रमाण ४० टक्के होतं, तेही तपासू: न्यूट्रल २१.६ भागिले ०.८६ म्हणजे २५, भागिले ०.७९ म्हणजे ३२. दहाच्या पन्नासात आरामात मावतं. एमसीबी फोर पोलचा, न्यूट्रलवरही संरक्षण असलेला मागा. दुकानात विचारताना "न्यूट्रल प्रोटेक्टेड" हे शब्द वापरा, नाहीतर नुसता स्विच होणारा न्यूट्रल देतील.

दुधनाकाठ, जालना
१३ मे, दुपारी १.०५

आणि पाइप बदला. जुन्या पाइपात दहाच्या चार तारा कोंबल्या तर ओढतानाच इन्सुलेशन सोलतं. जुनी अडीच पूर्ण काढून घ्या, आत तुकडा राहू देऊ नका. वरच्या डीबीत प्रत्येक सर्किटचा न्यूट्रल स्वतंत्र ओढा. तीन एमसीबीच्या तीन फेज आणि परत येताना एक काळी तार, हे मला दहातल्या पाच ठिकाणी दिसतं. इन्व्हर्टरची लाइन असेल तर तिचा न्यूट्रलही नीट बघा, इन्व्हर्टर लावणारे जिथं सापडेल तिथला न्यूट्रल उचलतात. काम झाल्यावर तिन्ही फेज एकत्र टाँगमध्ये धरा. जो आकडा येईल तो आणि एकट्या न्यूट्रलचा आकडा जुळला पाहिजे. नाही जुळला तर कुठंतरी दुसऱ्या वाटेनं करंट परत चाललाय.

काम परवानाधारक कंत्राटदाराकडून करा आणि टेस्ट रिपोर्ट हातात घ्या. लेकरांची जागा आहे.

कयाधूकाठ, हिंगोली
१५ मे, सकाळी ६.५०

सळई उपटली. बाबा आधी चिडले, मग दुधनाकाठ काकांचं बैलाबद्दलचं वाक्य वाचून दाखवलं तेव्हा बराच वेळ काही बोलले नाहीत. आज सकाळी बैल त्या कोपऱ्यात जाऊन कडबा खात होता. जोडणीचा अर्ज उद्या देणार आहोत.

मांजराकाठ, लातूर
२१ मे, रात्री ८.१५

काम झालं. चारही दहाच्या, पाइप नवा, फोर पोल एमसीबी, खालच्या मजल्यासकट सगळ्या सर्किटचे न्यूट्रल वेगळे केले. खालीही तीन सर्किटला एकच काळी तार निघाली. जुनी अडीच पाइपातून काढली तेव्हा जवळपास चार फूट इन्सुलेशन कडक होऊन बोटानं तुटत होतं, दोन ठिकाणी तांबं उघडं. दुधनाकाठ म्हणाले होते तेच.

ज्यांनी पहिलं वायरिंग केलं होतं ते काकाही काम बघायला आले. तो तुकडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी उलटून-पालटून पाहिला, ट्रू आरएमएस मीटर स्वतः लावून पाहिला, न्यूट्रलला २४ बघून खाली बसले. मग वहीत दोन पत्ते लिहिले. म्हणाले, याच्यासारख्या अजून दोन अभ्यासिका मी केल्यात, उद्या जातो.

तिन्ही फेज एकत्र धरल्या तर २३.८, न्यूट्रल एकटा २४. तासभर सगळं लोड चालवलं, मग बंद करून लिंकला हात लावला, जेमतेम कोमट. सोमवारपासून टेस्ट सुरू करू का?

दुधनाकाठ, जालना
२१ मे, रात्री ८.४०

करा. महिन्याभरानं सप्लाय खालून बंद करून लिंकचे सगळे स्क्रू एकदा परत आवळून घ्या. आणि काकांना त्या दोन ठिकाणी मीटर लागेल, तुमचा देऊन टाका दोन दिवस.